परतवारी : लांबच्या मुलखातून घरी येण्याचं सुख

(हिंगोली इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)



आज मी संत नामदेवांवर बोलावं असं ठरलं होतं. पण मधले सहा महिने मी लेकीकडे अमेरिकेत होतो, आणि परत आल्यापासून डोक्यात दुसरंच काहीतरी घोळतंय. मग म्हटलं, दोन्ही एकत्र करू. तसंही नामदेवांवर बोलायचं म्हणजे प्रवासावर बोलावं लागतंच. आणि प्रवासावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, प्रवासवर्णनांनी कपाटं भरलीत. पण त्या पुस्तकांतलं शेवटचं प्रकरण बघा. लेखक मुंबईच्या विमानतळावर उतरतो आणि पुस्तक संपतं. मला वाटतं, खरी गंमत तिथून पुढे असते.

माझंच सांगतो. सप्टेंबरात गेलो, मार्चमध्ये आलो. हैदराबादला विमानातून उतरलो, तिथून रेल्वेनं नांदेड, आणि नांदेडहून गाडी केली. वसमत जवळ आलं तसा काचेतून वास यायला लागला. शिजवलेल्या हळदीचा. आपल्याकडे त्या दिवसांत हळद काढणं, शिजवणं, वाळवणं असं सगळं एकदमच चाललेलं असतं, तुम्हाला माहीत आहे. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, चांगलीच गोष्ट आहे. पण त्या वासाला कुठलं मानांकन द्यायचं? आमच्या सौ. सहा महिने गुडघ्याची तक्रार करत होत्या. त्या वासानं सरळ होऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आलं."

औंढ्याला थांबून चहा घेतला. चहावाल्यानं बॅगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सर, कवा आलाव?"

हा प्रश्न मी पुढच्या आठ दिवसांत किती वेळा ऐकला असेन! दूधवाला, औषधाच्या दुकानातला मुलगा, बँकेतला शिपाई, रिक्षावाले. सगळ्यांचं एकच, "कवा आलाव?" तिकडे सहा महिन्यांत मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिकडची माणसं वाईट नाहीत हो, रस्त्यानं जाताना हसून 'हाय' करतात, आपल्यापेक्षा जास्तच. पण त्यांना मी कधी आलो हे विचारायचं कारणच नव्हतं. कारण मी नव्हतो तेव्हा माझी तिथं उणीव नव्हती. 'कवा आलाव' असं विचारणारा माणूस खरं तर सांगत असतो की तुम्ही मधे नव्हतात हे माझ्या लक्षात आलं होतं. आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ एवढ्या एका प्रश्नात आहे. ते धरून ठेवा, मी फिरून तिथंच येणार आहे.

आधी थोडं शरीराबद्दल, कारण घरी आल्याचं सुख पहिल्यांदा शरीराला कळतं.

कुलूप काढून आत गेलो आणि एक वास आला. धुळीचा म्हणा, जुन्या पुस्तकांचा, देवघरातल्या कापराचा, बंद खोलीचा. चाळीस वर्षं मी त्या घरात राहतोय आणि आपल्या घराला असा वास आहे हे मला माहीत नव्हतं. याचं कारण साधं आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक थोड्याच वेळात त्याची दखल घेणं सोडून देतं. नवा वास कळावा म्हणून ते जुन्याकडे दुर्लक्ष करतं. त्यामुळे घरात राहणाऱ्याला घराचा वास येत नाही, पाहुण्याला येतो. लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस पहिली काही मिनिटं आपल्याच घरात पाहुणा असतो. ही मिनिटं फार मोलाची. लगेच पंखा लावून, खिडक्या उघडून ती घालवू नका एवढंच सांगेन. आमच्या घरी ती घालवली गेली.

दुसरं, हात. रात्री उठलो, अंधारात चाललो, आणि हात आपोआप बरोबर बटणावर गेला. तिकडे सहा महिन्यांत रोज रात्री मी भिंत चाचपडत होतो, एकदा तर न्हाणीघर समजून कपाट उघडलं. आपल्या घराचं मोजमाप हातापायांत साठलेलं असतं. उंबरा किती उंच, तिसरी पायरी कशी जराशी झिजलेली, नळ किती फिरवला की पाणी बारीक होतं, हे डोक्यानं आठवावं लागत नाही. परक्या घरात आपण दिवसभर बारीक लक्ष ठेवून वागत असतो, ते लक्ष ठेवणं आपल्याला जाणवतही नाही. घरी आल्यावर ते सुटतं. बादलीभर पाणी, तांब्या, आणि घसाघसा आंघोळ. त्यानंतर जी झोप लागते, ती थकव्याची कमी आणि पहारा उठल्याची जास्त असते.

अर्थात ती झोप दुपारी लागते, रात्री नाही. न्यू जर्सीपासून आपल्यापर्यंत साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक. शरीरातलं घड्याळ दिवसाला साधारण तासभर या गतीनं जुळतं, म्हणजे आठ-दहा दिवस आपण रात्री तीनला टक्क जागे. मी तर म्हणतो, ही प्रवासाची बक्षिसीच आहे. एरवी आपलं गाव पहाटे तीनला कसं ऐकू येतं हे कुणाला माहीत असतं? लांबून रेल्वेचा भोंगा, कुत्र्यांची एक फेरी, मग कुठंतरी झाडणीचा आवाज, आणि मग काकड्याचे सूर. मी गच्चीवर बसून ऐकत होतो.

आता नामदेवांकडे वळतो.

आपल्या जिल्ह्यात कयाधूच्या काठी नर्सी आहे. नामदेवांचा जन्म परंपरेनं 1270 सालचा, कार्तिक शुद्ध एकादशीचा मानतात. जन्मगाव कुठलं यावर वाद आहेत, काही अभ्यासक पंढरपूर म्हणतात. पण घराण्याचं मूळ नर्सी-बामणीचं ही परंपरा जुनी आहे आणि आपण ती सोडणार नाही. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. शिंप्याचं घर. पोर वाढलं पंढरपुरात, विठ्ठलाच्या पायाशी.

या नामदेवांना प्रवासाची हौस अजिबात नव्हती, हे आधी लक्षात घ्या. ज्ञानदेव त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, चला, तीर्थयात्रेला जाऊ. नामदेवांचं म्हणणं असं की सगळं इथंच असताना जायचं कशाला? शेवटी विठ्ठलाला विचारलं गेलं, त्यानं परवानगी दिली, आणि नामदेवाचा हात ज्ञानदेवांच्या हातात देऊन सांगितलं की याला सांभाळा. पोराला पहिल्यांदा परगावी पाठवताना बाप बसस्टँडवर ओळखीच्या माणसाला सांगतो ना, "जरा लक्ष असू द्या", तसं.

ही सगळी हकिकत नामदेवांच्या गाथ्यात 'तीर्थावळी' या नावानं येते. ज्ञानदेवांचं पहिलं चरित्र म्हणून जे अभंग ओळखले जातात, ते आदि, तीर्थावळी आणि समाधी अशा तीन भागांत आहेत, त्यातला हा मधला भाग. त्यातले सगळे अभंग नामदेवांचेच की काही नंतरच्या हातांचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या आजच्या मुद्द्याला त्यानं बाध येत नाही. मराठी माणसानं सातशे वर्षं ही गोष्ट जपली, ती कशी जपली हे आपण बघतोय.

द्वारका, काशी, प्रयाग, गया, मोठा फेरा झाला. मारवाडच्या वाळवंटात तहान लागली, विहीर खोल. ज्ञानदेव योगसिद्धीनं लहान होऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांना सिद्धी येत नव्हती. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीर काठोकाठ भरून वाहिली. ही गोष्ट लोक चमत्कार म्हणून सांगतात. मला ती घरच्या आठवणीची गोष्ट वाटते. परमुलुखात अडचण आली की पंडिताला आपली विद्या आठवते. साध्या माणसाला घर आठवतं.

'परमुलुख' म्हणालो. आपल्या जुन्या बोलीत परदेश म्हणजे समुद्रापलीकडचाच असं नव्हतं. उत्तरेकडून येऊन इथं राहिलेल्या कुटुंबांचं आडनावच 'परदेशी' पडलं. भाषा बदलली, भाकरीचं धान्य बदललं, की परदेश. त्या हिशेबानं नामदेव चांगलेच परदेशात गेले होते.

आणि परतताना ते कुठून आले? परंपरा सांगते, औंढ्यावरून. आपलं औंढा नागनाथ. महाशिवरात्रीचं कीर्तन, पुजाऱ्यांनी केलेला मज्जाव, नामदेव देवळाच्या मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिथं नंदी मागच्या बाजूला आहे, त्याचं कारण लोक हेच सांगतात. शीखांच्या गुरु ग्रंथसाहेबातही नामदेवांचं एक पद आहे, त्यात देवळातून उठवलं आणि देऊळ फिरलं हा प्रसंग येतो. म्हणजे ही आठवण त्यांच्याबरोबर पंजाबपर्यंत गेली.

आता एक गोष्ट, जी आपल्या जिल्ह्याच्या माणसांना जरा लागते. औंढ्याहून नर्सी हाकेच्या अंतरावर, आजच्या गाडीनं तासाभराची वाट. पण तीर्थावळीत परतीचं गाव नर्सी नाही, पंढरपूर आहे. मूळ गाव आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आमची लेक फोनवर "घरी गेलो की करते" म्हणाली, तेव्हा ती न्यू जर्सीतल्या घराबद्दल बोलत होती. सौ. गप्प झाल्या. मी नामदेवांची आठवण काढली, त्यांना ती त्या वेळी आवडली नाही.

तर, घर कुठलं हे ठरतं कशावरून? तीर्थावळीचं उत्तर मला फार आवडतं. परक्या मुलखात घराची आठवण येते हे कुणीही लिहील. तीर्थावळीत उलट बाजूही आहे. इकडे पंढरपुरात विठ्ठल बेचैन आहे. नामा गेल्यापासून त्याला करमत नाही, तो रखुमाईजवळ बोलून दाखवतो. आणि नामदेव महाद्वारात येतात तेव्हा भेटीचं जे वर्णन आहे, ते दोन्ही बाजूंनी आहे. गेलेला जितका व्याकुळ, तितकाच राहिलेलाही. देव तर सगळीकडे असतो म्हणतात, द्वारकेत होता, काशीत होता. पण तिथं नामदेवांची वाट कुणी पाहत नव्हतं.

जगात परतीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. ग्रीकांचा ओडिसियस वीस वर्षांनी इथाकाला आला तो भिकाऱ्याच्या वेशात, आणि त्याला पहिल्यांदा ओळखलं ते त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं. ओळखलं, शेपटी हलवली आणि प्राण सोडला. तीन हजार वर्षांच्या सगळ्या लढाया लोक विसरले तरी ते कुत्रं विसरत नाहीत, कारण त्यानं वाट पाहिली होती.

विठ्ठलानं पुढे काय केलं? त्यानं मावंदं घातलं.

हा शब्द तरुण मंडळींना कदाचित नवा असेल. तीर्थयात्रेहून सुखरूप परत आल्यावर जे जेवण घालतात, त्याला मावंदं म्हणतात. काशीहून आणलेल्या गंगेची पूजा करायची, आप्तेष्टांना, गावाला बोलवायचं, पंगत बसवायची, तीर्थ द्यायचं. माझ्या लहानपणी कुणी काशीला जाऊन आलं की गाव विचारायचं, "मावंदं कधी?" ते झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं कुणी धरत नसे. आता लोक युरोप फिरून येतात, विमानतळावरचं चॉकलेट वाटतात. त्याला हसू नका, तेही मावंदंच आहे, फक्त पंगत नाही.

नामदेवांच्या मावंद्याची कथा महिपतींनी 'भक्तविजया'त रंगवून सांगितली आहे. विठ्ठलानं ब्राह्मणांना भोजन घातलं आणि मग स्वतः नामदेवाबरोबर जेवायला बसला. त्यावरून वाद झाला, शिंप्याच्या पोराबरोबर जेवला म्हणून देवालाच प्रायश्चित्त सांगितलं गेलं! पंगतीत कोण कुठं बसणार हा प्रश्न घरी आल्या आल्या पुन्हा उभा राहिला, हे त्या कथेतलं फार खरं आहे. घर प्रेमानं जवळ घेतं आणि जुन्या कुरबुरींसकट घेतं. बाहेर फिरताना तुम्ही फक्त यात्रेकरू असता. घरी आलात की परत शिंपी, परत धाकटा भाऊ, परत शेताच्या बांधाचा वाद.

समुद्र ओलांडून आलेल्यांना तर हे फार सोसावं लागलं. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून आलेल्या माणसाला पंक्तीला घ्यायचं की नाही, प्रायश्चित्त किती, याच्या चर्चा वर्तमानपत्रांतून चालत. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये डॉक्टर होऊन फिलाडेल्फियाहून परतल्या. पुण्यात लोकांचा रोष होईल अशी धास्ती होती, पण लोक आदरानं भेटायला आले. मात्र त्या क्षयानं खंगून आल्या होत्या, फेब्रुवारी 1887 मध्ये गेल्या. वय एकवीस. ज्या कामासाठी त्या गेल्या होत्या ते काम घरी आलं, पण त्यांना करता आलं नाही.

मावंद्याचा खरा अर्थ मला दोन माणसांत दिसतो. एक आपले गोडसे भटजी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळवलेलं लुटलं गेलं, झाशीचा विध्वंस डोळ्यांनी पाहिला. अडीच-तीन वर्षांनी परतले तेव्हा पैशाच्या मानानं हात रिकामेच, पण खांद्यावर गंगेची कावड होती. त्या गंगेनं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. पैसा आणायला गेलेल्या मुलानं पाणी आणलं, आणि त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये कुठंही ते पाणी पैशापेक्षा कमी ठरत नाही. हे पुस्तक छापून आलं 1907 साली.

दुसरा चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग. तो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. 645 साली आपल्या राजधानीत परतला तो 657 ग्रंथ घेऊन, आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यानं त्यांची भाषांतरं करण्यात घालवलं. सोळा-सतरा वर्षांचा प्रवास आणि जवळपास वीस वर्षांचं मावंदं! मला हे प्रमाण योग्य वाटतं.

पण मंडळी, परतीचं सगळंच गोड असतं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. 2020 आठवा. पुण्या-मुंबईहून, कारखान्यांवरून, वीटभट्ट्यांवरून माणसं पायी गावाकडे निघाली होती. कित्येक गावांच्या शिवेवर काट्या टाकलेल्या, बैलगाड्या आडव्या लावलेल्या. आपलीच माणसं, पण त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. घर समोर दिसतंय आणि उंबरा ओलांडता येत नाही. रोगाची भीती खरी होती, मी कुणाला दोष देत नाही. पण तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात राहून आलेला एक तरुण मला नंतर म्हणाला, "सर, तिकडं उपाशी होतो तेव्हा रडलो नाही. आमच्या चुलत्यानं लांबूनच डबा ठेवला न् मागं वळून न बघता गेला, तवा रडलो." त्याला भाकरी मिळाली होती. 'कवा आलास' असं कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या आसपास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांच्या परतीवर कुणी व्याख्यान देत नाही. ती बाई घरी आल्यावर पहिल्यांदा काय करते? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चूल सारवते. पाच महिने दुसऱ्याच्या रानात तीन दगडांवर रांधलेलं असतंय. आपल्या चुलीला आधी हात लावायचा, मग पाणी प्यायचं." पाण्याच्या आधी चूल. मी माझ्या पंख्याच्या बटणाबद्दल एवढं बोललो, त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आता नामदेवांच्या पुढच्या परतीबद्दल.

तीर्थयात्रा झाली, मावंदं झालं. आणि त्यानंतर, परंपरेच्या हिशेबानं 1296 मध्ये, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पुढच्या वर्षभरात सोपान, मुक्ताई, निवृत्ती, तिन्ही भावंडं गेली. त्या समाधीचे अभंगही नामदेवांनी लिहिले. म्हणजे ज्या पंगतीत सगळे एकत्र जेवले, ती तशी शेवटचीच. जेवताना कुणालाच ते माहीत नव्हतं.

नंतर नामदेव पुन्हा निघाले आणि पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे त्यांचं तिथलं गाव, तिथं ते पुष्कळ वर्षं राहिले असं मानतात. तिथल्या भाषेत पदं रचली. त्यातली 61 गुरु ग्रंथसाहेबात आहेत, आणि त्यांत 'बीठल' हे नाव जागोजाग येतं. पंजाबी माणूस सहाशे-सातशे वर्षं आपल्या विठोबाचं नाव घेतोय ते या शिंप्यामुळे. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अठ्ठ्याऐंशीवं, घुमानला भरलं. सदानंद मोरे अध्यक्ष होते. मराठी माणसं तिथं गेली तेव्हा पाहुणे म्हणून गेली, पण गावानं त्यांना बाबा नामदेवांच्या माहेरची माणसं समजून वागवलं.

ते घुमानहून परत आले का? इथं दोन परंपरा वेगळ्या बोलतात. पंजाबी परंपरा सांगते, त्यांनी देह तिथंच ठेवला. वारकरी परंपरा सांगते, ते परतले आणि 1350 साली आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपूरच्या महाद्वारात समाधिस्थ झाले. तीच नामदेव पायरी. दोन्हीकडे समाधी आहे, दोन्हीकडे माणसं माथा टेकतात. विद्वानांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मला त्यात वेगळंच दिसतं. दोन गावं एका माणसासाठी सातशे वर्षं म्हणतायत की तो आमच्या घरी होता, शेवटी आमच्याच घरी आला. वाट पाहणं याहून जास्त काय असतं!

आणि नर्सी? तीर्थावळीत जिचं नाव परतीचं गाव म्हणून नाही, त्या नर्सीनं फार सुंदर गोष्ट केली आहे. आषाढी एकादशीला सगळा महाराष्ट्र पंढरपूरला जातो. जाण्याचा सोहळा केवढा मोठा, टीव्हीवर दिसतो. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालख्या परत फिरतात. परतीला ना कॅमेरे, ना मोठी गर्दी, मुक्कामही कमी. आळंदीची पालखी परत जाताना मी एकदा पाहिली आहे. रस्त्याला थोडी माणसं, पावसात भिजलेली पताका, आणि टाळ तसाच. पण आपल्या भागात उलटं आहे. आषाढ वद्य एकादशीला नर्सीत परतवारी भरते आणि त्या दिवशी कयाधूच्या काठाला माणूस मावत नाही. पंढरपूरहून परतलेले वारकरी नर्सीला येऊन नामदेवांचं दर्शन घेतात, आणि मग वारी पुरी झाली असं मानतात. जाण्याचे उत्सव गावोगाव आहेत. परतण्याचा एवढा मोठा उत्सव आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपल्यालाच त्याचं विशेष वाटत नाही. घराच्या वासासारखं झालंय. नांदेडला आलेले पंजाबचे यात्रेकरू नर्सीला येतात, तिथं गुरुद्वाराही आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांचे चेहरे बघा. ते दोन हजार किलोमीटरवरून आलेले असतात आणि घरी आल्यासारखे वागत असतात.

आपण मराठी माणसं घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लहानपणी चुकून 'जातो' म्हटलं की आजी डोळे वटारायची. आणि आलेल्या माणसाला उंबऱ्यातच थांबवून पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. आम्ही आलो त्या दिवशी मी उंबऱ्याशी थांबलो. सवयीनं. कारण चाळीस वर्षं, आम्ही कुठूनही आलो तरी, शेजारचे अण्णा त्यांच्या घरातून हाक मारायचे, "थांबा, आत जाऊ नका," आणि वहिनी तांब्या घेऊन यायच्या. किल्ली त्यांच्याकडेच असायची. तुळशीला पाणी तेच घालायचे.

अण्णा जानेवारीत गेले होते. आम्हाला कुणी कळवलं नाही. "तिकडं कळवून काय करायचं, उगं जिवाला घोर," असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी फोनवर अण्णांची चौकशी करत होतो आणि मुलगा सांगत होता, "ठीक आहेत, झोपलेत." दोन महिने. किल्ली वहिनींनी आणून दिली. तांब्या नव्हता हातात. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, "कवा आलाव भाऊ?" आणि मग त्या रडल्या, आणि आमच्या सौ. रडल्या, आणि बॅगा तशाच रस्त्यात.

तुळस हिरवीगार होती. अण्णा गेल्यावरही वहिनी रोज पाणी घालत होत्या.

पंधरा दिवसांनी आम्ही मावंदं घातलं. गंगा नव्हती, लेकीनं दिलेली बदामाची पाकिटं होती. पिठलं-भाकरी, ठेचा, वरणभात, वर शिरा. तीसेक माणसं आली. लेक फोनच्या पडद्यावर होती, तिकडे सकाळ होती, हातात चहाचा कप. तिनं विचारलं, "अण्णाकाका कुठायत? दिसत नाहीत." तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. फोन वहिनींच्या हातात दिला.

बरं, संयोजक घड्याळाकडे बघतायत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि आषाढ वद्य एकादशीला मी नर्सीला सकाळी सातच्या सुमारास नदीच्या बाजूला असेन, कुणी येणार असेल तर भेटू.